आपली इयादत आणि सिस्टरचे हात

गेल्या पावसाळ्यात अब्बा अंगणात घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. वय ७१. जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झाले. संध्याकाळी मी पुण्याहून पोहोचलो तेव्हा जनरल वॉर्डात त्यांच्या पलंगाभोवती आमच्या घरचीच अकरा माणसे होती. दोन्ही चाचा, फुफी, मामूंची मुले, मोहल्ल्यातले दोघे, अब्बांचे मशिदीतले जुने सोबती. कुणी दुआ पढून कपाळावर फुंकर घालत होते, कुणी पाय दाबत होते, दोघे पलंगाच्या कडेवरच बसले होते. येणारा प्रत्येक जण अब्बांशी मुसाफा करत होता. त्याच हाताला सलाईनची सुई लावलेली होती.

फुफींना बसायला जागा हवी होती. पलंगाच्या दांडीला लघवीची पिशवी लटकत होती, ती मध्ये येत होती. मी ती उचलून अब्बांच्या पायाजवळ गादीवर ठेवली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "एक जण थांबा, बाकी सगळे बाहेर जा," म्हणाल्या. आवाज चढा होता. चाचा म्हणाले, "आम्ही लांबून आलोय." त्यांनी पुन्हा तेच सांगितले. मग मी, या घरातला शिकलेला, इंजिनिअर मुलगा, म्हणालो, "सिस्टर, आमची नावं बघूनच हे नियम निघतात का?"

त्या काही बोलल्या नाहीत. ग्लोव्ह्ज घातले, पिशवी उचलून पुन्हा खाली दांडीला अडकवली, ग्लोव्ह्ज काढले, हात साफ केले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पिशवी कमरेच्या वर गेली की साठलेली लघवी नळीतून परत आत जाते. तिच्याबरोबर जंतू पण जातात. कुणी ठेवली वर?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या पलंगावरच्या पेशंटकडे गावाकडून एक जीपभर माणसे आली. हातात नारळ, अंगाऱ्याची पुडी. सिस्टरनी त्यांनाही त्याच चढ्या आवाजात, त्याच शब्दांत बाहेर काढले. मी खाली मान घालून ऐकत होतो.

चौथ्या दिवशी अब्बांना थंडी वाजून ताप आला. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता. घरी जायचे लांबले, आठ दिवस जास्त राहावे लागले. पिशवी उचलल्यामुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि तसे ठरवताही येत नाही. लघवीची नळी आत राहिली की लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. म्हणजे नळी हाच एक धोका असतो. पण त्या धोक्यात मी माझ्या हाताने भर घातली होती, एवढे मला ठाऊक आहे. त्या आठ रात्री मी वॉर्डात काढल्या आणि सिस्टर काय करतात ते पहिल्यांदा नीट पाहिले. हा लेख त्यासाठी आहे.

एकाच कामाच्या दोन बाजू

आपल्याला वाटते की सिस्टरची दोन वेगवेगळी कामे असतात. एक तांत्रिक: इंजेक्शन, ड्रेसिंग, नळ्या, स्वच्छता. दुसरे "गोड बोलणे". पहिले महत्त्वाचे, दुसरे स्वभावावर अवलंबून. वॉर्डात बसून माझे मत बदलले. पेशंटची घालमेल शांत करणे आणि जंतुसंसर्ग टाळणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

अब्बांचेच उदाहरण सांगतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन रात्री ते फार अस्वस्थ होते. दुखत होतेच, पण त्याहून जास्त त्यांना लाज खात होती. आयुष्यभर परक्या बाईसमोर गुडघ्याच्या वर लुंगी न गेलेला माणूस. नळीची जागा साफ करायची म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. शिवाय वजू करता येत नाही, कपडे पाक आहेत की नाही कळत नाही, नमाज चुकते आहे. या सगळ्या तगमगीत ते अर्धवट झोपेत नळी ओढायचे. एकदा सलाईनची सुई उपसून काढली. सुई नव्याने टोचायची म्हणजे कातडीला नवे भोक, आणि जंतूंना नवी वाट.

रात्रपाळीच्या सिस्टरनी काय केले? पडदा ओढला. अंगावर चादर ठेवून जेवढी जागा साफ करायची तेवढीच उघडी केली. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी सांगितले, "चाचा, आता गार लागेल. दहापर्यंत मोजा, झालं." खरोखरच दहात झाले. पुढच्या वेळी अब्बांनी स्वतःहून मोजायला सुरुवात केली. मग त्यांनी विचारले, "झोप का लागत नाही? काय डोक्यात आहे?" अब्बांनी वजूचे सांगितले. सिस्टर म्हणाल्या, "सुईचा हात भिजवायचा नाही, पट्टी ओली झाली की जंतू धरतात. पण तुमच्यात पाण्याशिवायही काहीतरी असतं ना? मागे एक चाचा करायचे." तयम्मुम! आमच्यापैकी कुणालाच ते सुचले नव्हते. मी आमच्या इमामसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, स्वच्छ धुऊन वाळवलेल्या दगडावरही तयम्मुम होतो, माती आणायची गरज नाही, आणि आजाऱ्याने पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज पढावी. धुतलेला एक दगड उशाशी आला. त्या रात्री अब्बांनी नळीला हात लावला नाही.

धर्माने हिंदू असलेल्या, गळ्यात मंगळसूत्र असलेल्या त्या सिस्टरने एका मुसलमान म्हाताऱ्याच्या मनातली अडचण ओळखली. जंतुसंसर्ग टाळण्याचे त्या रात्रीचे सगळ्यात मोठे काम मला विचाराल तर तेच होते.

याला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या, म्हणजे सतत ताणाखाली असलेल्या १३ स्त्रिया आणि तसा ताण नसलेल्या १३ स्त्रिया, सगळ्यांच्या हातावर सारख्याच मापाची छोटी जखम केली. ताणाखालच्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. सतत भीती आणि काळजी असली की शरीरात कॉर्टिसोलसारखी द्रव्ये वाढतात, झोप मोडते आणि प्रतिकारशक्ती मंदावते. जखम जेवढे दिवस उघडी, तेवढे दिवस जंतूंना दार उघडे. घाबरलेला पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलू देत नाही. मग छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात.

तीस पेशंट, दोन सिस्टर

आता दुसरी बाजू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी यंत्रणा कोलमडली की पहिला प्रश्न असतो: तिच्यावर भार किती होता? एकट्या माणसाला दोष देऊन आम्ही थांबत नाही. वॉर्डात बसल्या बसल्या मी तोच हिशेब केला.

जागतिक आरोग्य संघटनेने हात साफ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, जखम-सुई-नळीचे निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीसारख्या स्रावाशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या पलंगाला किंवा आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. सॅनिटायझरने नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. ग्लोव्ह्ज घातले म्हणून यातून सुटका नाही. घालण्याआधी आणि काढल्यावर हात साफ करावेच लागतात.

आमच्या वॉर्डात ३० पेशंट आणि रात्री दोन सिस्टर. बीपी, ताप, इंजेक्शन, सलाईन, कूस बदलणे, पिशवी रिकामी करणे असे धरून एका पेशंटला रात्रीत सहा वेळा तरी हात लावावा लागतो. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर म्हणजे बारा वेळा. तीस पेशंटांचे ३६० वेळा. प्रत्येकी २५ सेकंद धरले तर ९,००० सेकंद, म्हणजे अडीच तास. एका पेशंटकडून थेट दुसऱ्याकडे जाताना एकदाच हात साफ केले तरी चालते, म्हणून हा आकडा निम्म्यावर आणा. तरी सव्वा तास फक्त हात चोळण्यात जातो. त्यात औषधे काढणे, नोंदी लिहिणे, डॉक्टरांना फोन करणे, रात्री दोनला नवा अपघाताचा पेशंट घेणे यांपैकी काहीच नाही. आणि "सिस्टर, सलाईन संपलं", "सिस्टर, पंखा लावा", "सिस्टर, आमच्या पेशंटला कधी सोडणार" हेही त्यात नाही.

भार वाढला की पहिल्यांदा काय गळते? जे दिसत नाही ते. इंजेक्शन चुकले तर लगेच कळते. हात चोळायचे राहिले तर चार दिवसांनी ताप येतो, आणि तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. तसेच, "चाचा, दहापर्यंत मोजा" हे वाक्य राहिले तरी त्याची कुठे नोंद होत नाही. स्वच्छता आणि धीर, दोन्ही एकाच वेळी गळतात, कारण दोन्हींना एकच गोष्ट लागते: वेळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० जणांपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच नवा जंतुसंसर्ग होतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन यांनी २००२ साली दाखवले की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वॉर्डात एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. त्याच राज्यातल्या रुग्णालयांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिथे नर्स जास्त थकलेल्या, खचलेल्या होत्या, तिथे लघवीच्या मार्गाचे आणि ऑपरेशनच्या जखमेचे संसर्ग जास्त आढळले. म्हणजे ताण फक्त पेशंटचा मोजून चालत नाही, सिस्टरचाही मोजावा लागतो. कॅलिफोर्नियात कायदाच आहे: जनरल वॉर्डात दिवस असो वा रात्र, एका नर्सकडे पाचांहून जास्त पेशंट द्यायचे नाहीत. आमच्या वॉर्डात एकीकडे पंधरा होते.

आणि पगार? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयात त्या राज्यातल्या सरकारी नर्सइतका पगार असावा. अंमलबजावणी राज्यांनी करायची होती. तुमच्या गावातल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला एकदा आदराने विचारून बघा, तिला किती मिळतात.

संशयाचे काय करायचे?

मी सिस्टरना जे बोललो ते आकाशातून पडले नव्हते. २०२० च्या एप्रिलमध्ये या देशात साथीला धर्माचे नाव चिकटवले गेले. भाजीवाल्यांची नावे विचारली गेली. तो ओरखडा अजून गेलेला नाही. रुग्णालयात नाव लिहिताना समोरच्याचा चेहरा वाचायची सवय आपल्यातल्या अनेकांना लागली आहे. भेदभाव होतो, आणि जिथे होतो तिथे लेखी तक्रार केलीच पाहिजे.

पण आपला संशय खरा की खोटा हे तपासायची एक साधी कसोटी आहे, आणि ती मी वापरली नाही. हा नियम शेजारच्या पलंगालाही लागू आहे का? तेवढे बघायला एक दिवस थांबावे लागते. मी थांबलो नाही. भेदभावाचा आरोप हे आपल्या हातातले खरे हत्यार आहे; ते गर्दीची सोय व्हावी म्हणून वापरले तर ज्या दिवशी खरोखर गरज पडेल त्या दिवशी ते बोथट झालेले असेल.

इयादत म्हणजे गर्दी नव्हे

आजाऱ्याला भेटायला जाणे आपल्याकडे सवाबाचे काम, एका मुसलमानाचा दुसऱ्यावर असलेला हक्क. ही फार सुंदर गोष्ट आहे. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात एकटेच पडून असलेले म्हातारे मी पाहिले आहेत. आमच्या अब्बांवर ती वेळ कधी येणार नाही. पण इयादतीचे आदाबही आहेत, आणि त्यात थोडा वेळ बसावे, आजाऱ्याला त्रास होईल असे काही करू नये हे आपल्याला लहानपणी मदरशातही शिकवले जाते. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये ही शिकवण तर आपण लॉकडाऊनच्या काळात एकमेकांना व्हॉट्सॲपवर शंभरदा पाठवली. दिवसातून पाच वेळा हात धुण्याची सवय असलेली आपली माणसे. तरीही त्या संध्याकाळी अकरापैकी एकानेही अब्बांच्या हाताला हात लावण्याआधी आपले हात धुतले नव्हते. मीही नाही. सॅनिटायझरची बाटली पलंगाच्या पायथ्याशीच होती.

आता आमच्या घरात आम्ही ठरवले आहे. पेशंटजवळ एकच माणूस, तोच सिस्टरशी बोलणार. बाकीच्यांना तो रात्री एक व्हॉइस मेसेज पाठवणार. भेटायला यायचे तर पाळीने, दहा मिनिटे, हात साफ करून, पलंगावर न बसता. सर्दी-खोकला असलेल्याने आणि लहान मुलांनी घरूनच दुआ करायची. नळी, पिशवी, पट्टी यांना सिस्टरना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि पेशंटच्या मनात जे आहे, वजू असो, पडदा असो, जेवणातले हलाल असो, ते पहिल्याच दिवशी सिस्टरना नीट सांगायचे. न सांगता रागवायचे नाही.

हे जुम्म्याच्या खुतब्यात पाच मिनिटे सांगता येईल. आमच्या इमामसाहेबांनी सांगितले. एकाही माणसाने विरोध केला नाही.

आपल्या मुली कुठे आहेत?

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. त्या आठ दिवसांत तिन्ही पाळ्यांत मिळून मी दहा-बारा सिस्टर पाहिल्या. त्यांत एकही मुसलमान नव्हती. आपल्याला आपली अडचण समजणारी सिस्टर हवी असते, पण आपल्या घरातली मुलगी सिस्टर झालेली चालत नाही. कारणे ठरलेली: रात्रपाळी, परपुरुषाला हात लावणे, आणि "लग्नाला अडचण येते".

परंपरेत रुफैदा अल-अस्लमिय्या यांचे नाव आहे. मदिनेत मशिदीजवळ त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईतल्या जखमींवर त्यांनी तिथे उपचार केले असे सांगितले जाते. आपण त्यांचे नाव भाषणात घेतो आणि मुलीचा नर्सिंगचा फॉर्म फाडतो.

कपड्यांचा प्रश्न निघतोच. जंतुसंसर्गाचे शास्त्र सांगते की पेशंटला हात लावताना कोपराखालचा हात उघडा हवा, कारण बाहीचे टोक जंतू घेऊन फिरते आणि मनगट धुता येत नाही. ही अडचण खरी आहे, आणि ती भावनेने सुटणार नाही. ब्रिटनमध्ये यावर वाद झाला तेव्हा २०१० साली तिथल्या आरोग्य खात्याने मधला मार्ग काढला: ज्यांना हात झाकायचे आहेत त्यांनी एकदा वापरून टाकायच्या बाह्या वापराव्यात आणि त्या ग्लोव्ह्जसारख्याच दर वेळी बदलाव्यात. २०२३ साली तिरुवनंतपुरमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींनी ऑपरेशन थिएटरसाठी लांब बाह्या आणि डोके झाकणारी टोपी मिळावी अशी मागणी केली, तेव्हाही हीच चर्चा झाली. माझे मत सांगतो. पेशंटची सुरक्षा आधी, आणि तिच्या चौकटीत जेवढी मोकळीक देता येईल तेवढी द्यावी. पण बाहीच्या चर्चेआडून मुलीचे शिक्षणच थांबवायचे असेल, तर ती चर्चा बाहीची राहत नाही.

मोहल्ल्यामोहल्ल्यात आपण जकातीतून शिष्यवृत्त्या देतो. गरजू मुलींना जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगसाठी त्यातल्या दोन-तीन राखून ठेवता येतील. आणि जो पैसा जकातीचा नाही, त्यातून गावातल्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात सॅनिटायझरच्या बाटल्या वर्षभर भरून ठेवता येतील, कुणाच्या नावाची पाटी न लावता. रुग्णालयाच्या प्रमुखांना भेटून एवढे तर विचारता येईल: रात्री या वॉर्डात किती पेशंटमागे एक सिस्टर असते? हा प्रश्न हिंदू-मुसलमान दोघांचा आहे. तो सगळ्या नागरिकांनी मिळून विचारला तर त्याचे उत्तर द्यावे लागेल.

घरी निघायच्या दिवशी मी त्या सिस्टरना शोधून माफी मागितली. त्या औषधांचा ट्रे लावत होत्या. म्हणाल्या, "असू दे, रोज कुणीतरी बोलतंच. चाचांना खाली बसू देऊ नका, खुर्चीवर नमाज पढू दे." आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या. जाता जाता बाटलीचे बटण दाबून त्या हात चोळत होत्या.